रुंद अलॉय बसवल्यावर टायर घासतो, स्टीअरिंग थरथरतं: कारण कसं शोधायचं आणि काय करायचं

एसयूव्हीला रुंद अलॉय बसवले की पहिल्या महिन्यात दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पूर्ण कट मारला की चाकाजवळून ‘खर्र’ असा आवाज येतो, आणि ऐंशी-नव्वदच्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागतं. टायरवाला लाइनर (चाकाच्या खळग्यातलं प्लास्टिकचं आवरण) थोडा कापून देतो, पुन्हा एकदा बॅलन्सिंग करतो. पंधरा दिवस बरे जातात. मग मागे तीन माणसं आणि सामान बसतं, रंग उडालेला एखादा स्पीडब्रेकर येतो, आणि तोच आवाज परत.

तक्रार परत येते कारण इलाज चुकीच्या जागी झालेला असतो. दुकानात बोलणं होतं ते इंचांचं, डिझाइनचं आणि किमतीचं. चाक आत किती जाणार आणि बाहेर किती येणार हे ज्या आकड्यावर ठरतं तो ईटी, म्हणजे ऑफसेट, सहसा कोणी विचारतच नाही. पैसे देण्याआधी दहा मिनिटं कागद-पेन्सिल घेऊन बसलं, तर घासण्याच्या बहुतेक तक्रारी उद्भवणारच नाहीत. अलॉय आधीच बसवून झाले असतील, तरी हाच हिशोब दोष नेमका कुठे आहे ते दाखवतो.

ईटी म्हणजे काय आणि तो कसा मोजायचा

रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेषा आहे असं समजा. रिम हबला (गाडीच्या ज्या गोल भागावर चाक नटांनी बसवतात त्याला) जिथे टेकते तो सपाट भाग या रेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे, तो ईटी. टेकण्याचा भाग रेषेच्या बाहेर, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला असेल तर ईटी अधिक. ईटी जितका कमी, तितकं चाक गाडीच्या बाहेर येतं.

हा आकडा रिमच्या मागच्या बाजूला, एखाद्या दांडीवर किंवा हबच्या भोवती कोरलेला असतो. ‘७.५जे × १८, ईटी३०’ (७.५ इंच रुंद, १८ इंच व्यास) अशा धर्तीचं काहीतरी दिसेल. कोरलेलं वाचता येत नसेल तर रिम पालथी ठेवा, म्हणजे दर्शनी बाजू जमिनीकडे, खाली जुनी सतरंजी. मागच्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबच्या सपाट भागापर्यंतची खोली मोजा. ७.५ इंच रुंद आणि ईटी३० असलेल्या रिममध्ये ही खोली १३८ मि.मी.च्या आसपास भरते. ‘जे’ची रुंदी टायरची कड जिथे बसते तिथे मोजतात, त्यामुळे रिमची बाहेरून बाहेर रुंदी सुमारे एक इंच जास्त असते. निम्मी बाहेरची रुंदी या खोलीतून वजा केली की ईटी मिळतो. विकणारा ‘ईटी२५ आहे’ म्हणाला आणि पट्टी वेगळं सांगत असेल, तर पट्टीवर विश्वास ठेवा.

हिशोब: फॉर्च्युनरचं उदाहरण

टोयोटा फॉर्च्युनरची १८ इंची कंपनी अलॉय ७.५जे, ईटी३० आहे. टायर २६५/६० आर१८, बोल्टांचा वर्तुळव्यास ६ × १३९.७, मधलं भोक १०६.१ मि.मी. खरेदीआधी हे सगळे आकडे स्वतःच्या गाडीच्या रिममागे आणि हबवर ताडून घ्या.

सूत्र साधं आहे. रिमची रुंदी मिलिमीटरमध्ये काढा (इंच गुणिले २५.४) आणि तिचं निम्मं घ्या. त्यात ईटी मिळवला की हबपासून आतली कड मिळते, वजा केला की बाहेरची.

मूळ रिम: निम्मी रुंदी ९५.२५. आत १२५.२५, बाहेर ६५.२५.

८जे, ईटी२५: निम्मी १०१.६. आत १२६.६, बाहेर ७६.६. म्हणजे आत जेमतेम १ मि.मी. आणि बाहेर ११ मि.मी. वाढ.

९जे, ईटी२०: निम्मी ११४.३. आत १३४.३, बाहेर ९४.३. आत ९ आणि बाहेर २९ मि.मी. वाढ. ही जोडी दोन्हीकडून त्रास देते.

९जे, ईटी०: आत ११४.३, बाहेरही ११४.३. आतल्या बाजूला ११ मि.मी. मोकळे झाले, पण बाहेर चाक ४९ मि.मी. पुढे आलं. फोटोत हे सगळ्यात भारदस्त दिसतं, आणि पूर्ण कटला बंपरचा कोपरा खाणारं, फेंडरच्या बाहेर चिखल उडवणारं आणि बेअरिंगवर बोजा टाकणारंही हेच.

‘फक्त दीड इंच तर वाढलंय’ असं म्हणताना ते दीड इंच दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जाईल असं माणूस गृहीत धरतो. ते कुठे जाणार हे ईटी ठरवतो.

दुसरा हिशोब उंचीचा. २६५/६० आर१८ टायरचा व्यास ७७५ मि.मी. (२६५ चे ६० टक्के म्हणजे १५९, त्याची दुप्पट, अधिक १८ इंचांचे ४५७.२). त्याच रिमवर २८५/६० टाकला तर व्यास ७९९ होतो, म्हणजे ३.१ टक्के वाढ. टायर सगळीकडून १२ मि.मी. फुगला. २८५/५५ घेतला तर व्यास ७७१, मूळच्या जवळच. २० इंची रिमवर जायचंच असेल तर २६५/५० आर२० चा व्यास ७७३ येतो, पण २७५/५५ आर२० चा ८१०. दुकानात हे दोन्ही टायर शेजारी उभे असतात आणि नजरेला फरक कळत नाही.

व्यासातला फरक २ टक्क्यांच्या आत ठेवावा, ३ टक्के ही टोकाची मर्यादा. टायर मोठा झाला की मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. मूळ मीटर सहसा थोडा जास्त दाखवतो म्हणून लगेच लक्षात येत नाही, पण द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्याला तुमचा मीटर काय म्हणतो याच्याशी देणंघेणं नसतं.

टायर आणि रिम यांचीही जोडी जमावी लागते. २६५/६० आर१८ साठी ७.५ ते ९.५ इंच रिम चालते, २८५/६० आर१८ साठी ८ ते १०. मूळ ७.५ इंची रिमवर २८५ चढवून देणारे भेटतात. टायर चढतो, हवाही धरतो, पण कडा आत ओढल्यामुळे भिंत फुगते आणि घाटातल्या वळणावर गाडी टायरवर डोलते. रिम अर्धा इंच बदलली की त्याच टायरची प्रत्यक्ष रुंदी साधारण ५ मि.मी. बदलते, हेही हिशोबात धरा.

घासतंय कुठे, ते आधी बघा

लाइनरला कात्री लावण्याआधी खूण शोधा. टायरच्या दोन्ही खांद्यांवर आणि भिंतीवर पांढऱ्या खडूने जाड पट्टे ओढा. एक पुढचं चाक १५–२० सेंमी उंच दगडी कडेवर किंवा पक्क्या रॅम्पवर चढवा, गाडीत नेहमीएवढी माणसं आणि सामान बसवा, आणि स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मग दुसरं चाक चढवून तेच. खडू जिथे पुसला गेला आणि समोर जिथे पांढरं उमटलं, तिथे स्पर्श आहे. फट किती उरते ते मोजायला मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा वरच्या आर्मवर (चाकाला धरणारा सस्पेन्शनचा दांडा) किंवा शॉकवर चिकटवा आणि टायर जवळून गेल्यावर तो किती दबला ते बघा. रिकामी गाडी, सपाट जमीन आणि चाक सरळ, अशा अवस्थेत बोट जातं म्हणून फिटिंग ‘ओके’ म्हणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

खूण आतल्या भिंतीवर असेल आणि समोर अँटीरोल बार, वरचा आर्म किंवा चॅसिसचा दांडा असेल, तर रुंदीच्या मानाने ईटी जास्त आहे किंवा टायर जास्त रुंद आहे. इथे लाइनर कापून काहीही होणार नाही. टायर लोखंडावर घासतोय आणि भिंतीतला कापडी थर उघडा पडला की तो टायर बाद. आतल्या बाजूला स्थिर अवस्थेत ६–८ मि.मी. मोकळे हवेत. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर हाताने धरून, चाक दोन्ही कटला नेऊन, टायरपासून लांब राहते की नाही हे वेगळं तपासा. इथे तडजोड नाही.

खूण बाहेरच्या खांद्यावर आणि समोर बंपरचा कोपरा किंवा चाकाच्या खळग्याचा मागचा भाग असेल, तर ईटी कमी आहे. वळताना पुढचं चाक स्वतःच्या मध्याभोवती वळत नाही, ते स्टीअरिंगच्या अक्षाभोवती वळतं. चाक बाहेर सरकलं की त्याची पुढची-मागची टोकं मोठ्या वर्तुळात फिरतात. म्हणूनच सरळ चालताना भरपूर जागा दिसते आणि पार्किंगमध्ये वळवताना घासतं.

वळताना काही नाही, पण दणक्यावर ‘धप’ करून फेंडरच्या वरच्या काठाला लागतं, आणि तेही बहुतेक मागे, भरलेल्या गाडीत: म्हणजे चाक बॉडीच्या बाहेर आहे आणि सस्पेन्शन दबल्यावर काठ टायरवर बसतोय. हा प्रकार सर्वांत धोक्याचा, कारण पत्र्याचा काठ वेगात टायर चिरू शकतो.

आणखी एक प्रकार सहज सुटतो. सहा महिने ठीक चाललं आणि मग फक्त ब्रेक मारताना किंवा पूर्ण कटमध्ये रिव्हर्स घेताना घासायला लागलं, तर रिमला दोष देण्याआधी खालच्या आर्मची बुश (सांध्यातला रबरी भाग) बघा. ब्रेक लागला की चाक बुशच्या लवचिकतेएवढं मागे सरकतं. बुश फाटल्या असतील तर ते सरकणं वाढतं. स्प्रिंग बसल्या असतील तरी हेच होतं: जमिनीपासून फेंडरच्या काठापर्यंत चारही चाकांची उंची मोजून डाव्या-उजव्यात फरक आहे का ते बघा.

इलाज कोणते खरे, कोणते वेळ मारून नेणारे

प्लास्टिक लाइनरला पाच-सात मिलिमीटरची जागा हवी असेल तर हीटगनने मऊ करून मागे दाबणं ठीक आहे. त्याहून जास्त हवी असेल तर रिम किंवा टायर चुकलाय. लाइनर कापला की मागची वायरिंग, हॉर्न, वॉशरची टाकी उघडी पडते आणि पावसाळ्यातला चिखल थेट तिथे जातो. फेंडरचा काठ ठोकून आत वळवला की रंग तडकतो, आणि कोकणच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरतो.

खळग्याच्या मागच्या बाजूला थोडंसंच घासत असेल तर अलाइनमेंट मदत करतं. फॉर्च्युनरच्या पुढच्या खालच्या आर्मना कॅम बोल्ट असतात, त्यांनी कास्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) वाढवला की चाक किंचित पुढे सरकतं. बंपरकडे घासत असेल तर हा उपाय उलट त्रास वाढवेल. कॅम्बर अर्ध्या अंशाने आत झुकवला तर टायरचा माथा ३–४ मि.मी. आत जातो, पण त्यापलीकडे गेलात तर टायरची आतली कड झिजवून त्याची किंमत द्याल. दोन्ही बदल कंपनीने दिलेल्या मर्यादेतच करायचे आणि छापील रिपोर्ट घ्यायचा.

स्पेसरने (हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची धातूची चकती) आतलं घासणं थांबतं, हे खरं. पण २५ मि.मी.चा स्पेसर म्हणजे ईटी २५ ने कमी, म्हणजे तेवढंच चाक बाहेर, आणि मध्ये नटांचा आणखी एक सांधा. स्टडवर (हबमधून बाहेर आलेले, ज्यांवर नट बसतात ते बोल्ट) नुसता सरकवलेला ५ मि.मी.चा पातळ स्पेसर त्याहून वाईट: १.५ पिचच्या, म्हणजे एका फेऱ्यात नट १.५ मि.मी. पुढे जाणाऱ्या, स्टडवर नटाचे तीनपेक्षा जास्त फेरे त्याने खाल्ले. आमचं मत स्पष्ट आहे, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला स्पेसर नको. योग्य ईटीची रिम घ्या.

अलॉय आधीच विकत घेऊन झाले असतील आणि हिशोब फार चुकला नसेल, तर स्वस्त इलाज टायरमध्ये आहे. ९जे, ईटी२० वर २८५/६० घासत असेल तर त्याच रिमवर २६५/६० बसतो: प्रत्येक बाजूने सुमारे १० मि.मी. रुंदी आणि वर-खाली १२ मि.मी. जागा परत मिळते.

थरथर: बॅलन्सिंगच्या आधी मधलं भोक

मशीनवर शून्य दाखवतं आणि गाडीवर थरथरतं, तेव्हा चाक हबच्या मध्यावर बसलेलं नसतं. बाहेरच्या कंपन्या एकच रिम अनेक गाड्यांना चालावी म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात. ह्युंदाई क्रेटाचं उदाहरण नेहमीचं: हब ६७.१ मि.मी., आणि ५ × ११४.३ च्या बऱ्याच अलॉयचं भोक ७३.१. मध्ये चारही बाजूंनी ३ मि.मी. पोकळी. बॅलन्सिंग मशीन रिमला शंकूने मध्यावर धरतं, म्हणून तिथे सगळं छान. गाडीवर नट घट्ट करताना रिम अर्धा मि.मी. जरी एका बाजूला बसली तरी नव्वदच्या वेगात ती हाताला कळते.

इलाज म्हणजे हब रिंग, बाहेरून ७३.१ आणि आतून ६७.१, चार नग. प्लास्टिकच्या रिंग स्वस्त, पण लांब घाट उतरताना ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडतात. ॲल्युमिनियमच्या घ्या. रिंग हाताने दाबून बसायला हवी: खुळखुळली तरी नको आणि हातोडीने ठोकावी लागली तरी नको.

बोल्टांचा वर्तुळव्यास ‘जवळपास’ असून चालत नाही. ११४.३ च्या गाडीवर ११५ ची रिम नट ओढून बसते, पण प्रत्येक स्टड किंचित वाकलेल्या अवस्थेत काम करतो. दोन-दोन वर्तुळांची भोकं पाडलेल्या रिममध्ये आपल्या गाडीची भोकं नक्की कोणती, हे फिटरला दाखवून खात्री करा.

थरथर कुठे जाणवते त्यावरून पुढचा शोध घ्या. स्टीअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं, सीटखाली असेल तर मागची. ठरावीक वेगाला येऊन पुढे कमी होते: बॅलन्स किंवा मध्य. वीस-चाळीसलाच गाडी डुलते: टायरला फुगा आलाय किंवा रिम वाकली आहे. चाक जॅकवर फिरवून डायल गेज लावला तर अलॉयचं डुलणं साधारण ०.३ मि.मी.च्या आत हवं. फक्त ब्रेक मारताना थरथरते: नट असमान आवळल्यामुळे डिस्क वाकडी बसली आहे, हे आधी तपासा.

नवी रिम पहिल्यांदा बसवली की नट थोडे आवळून चाक हाताने पूर्ण फिरवा. ब्रेक कॅलिपर आणि रिमची दांडी यांत किमान ३ मि.मी. अंतर हवं. आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं कॅलिपरला लागून उडाली की ‘कालच तर बॅलन्स केलं’ ही तक्रार सुरू होते.

नट: इथे घाई नको

चाक निखळण्याचे प्रकार बहुतेक नटांमुळे होतात, रिममुळे नाही. मूळ नट नव्या रिमला चालतीलच असं नाही. बाहेरच्या बहुतेक अलॉयना ६० अंशाच्या शंकूचा नट लागतो. होंडाचे मूळ नट गोल बैठकीचे असतात, टोयोटाच्या अनेक मूळ अलॉयना सपाट वायसरचा नट येतो. शंकूच्या खाचेत गोल नट आवळला तर पाना घट्ट लागल्याचं सांगतो, पण टेकलेली असते फक्त एक बारीक कड. शंभर किलोमीटरमध्ये ती दबते आणि नट सैल.

नट हाताने लावताना फेरे मोजा. एम१२ × १.५ च्या (१२ मि.मी. जाड, १.५ पिच) स्टडवर किमान ८ पूर्ण फेरे (१२ मि.मी.), एम१४ × १.५ वर १० फेरे. कमी भरले तर तो नट किंवा ती रिम त्या गाडीची नाही.

क्रम असा ठेवा. हबचा सपाट भाग वायर ब्रशने गंज काढून धातू दिसेपर्यंत स्वच्छ करा. रिमच्या टेकण्याच्या भागावर जाड रंग असेल तर तो काढा, कारण रंग दबला की नट सैल होतात. स्टडना तेल किंवा ग्रीस लावू नका: त्याच टॉर्कला ताण खूप जास्त येतो आणि स्टड लांबतो. ग्रीसचं एक पातळ बोट फक्त हबच्या गोल ओठाला लावा. नट आधी हाताने, मग चाक हवेत असताना हलक्या पान्याने चांदणीच्या क्रमाने, मग गाडी खाली आणून टॉर्क पान्याने (नट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना) दोन टप्प्यांत: आधी निम्मा, मग पूर्ण. आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या. क्रेटाला तो ११ ते १३ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे १०७ ते १२७ न्यूटन-मीटर आहे. हवेची गन फक्त नट काढायला. ५० ते १०० किलोमीटरनंतर, चाकं थंड असताना, पुन्हा टॉर्क लावा. हा दुसरा टॉर्क लोक टाळतात, आणि नवी रिम तेवढ्यातच बसत असते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ जास्त टोचणारं आहे: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलाला’ हे शब्द नीट वाचा. रिम, टायर आणि उंची वाढवणारी किट हे तीन बदल आहेत.

म्हणून सगळ्यात निर्धोक रस्ता एकच: ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात तुमच्या मॉडेलसाठी छापलेले आकार. क्रेटाचा १६ इंची व्हेरियंट २०५/६५ आर१६ वर येत असेल तर वरच्या व्हेरियंटचा २१५/६० आर१७ हा उत्पादकानेच त्या मॉडेलला दिलेला आकार आहे. मूळ टायर ठेवून रिम अर्धा इंच रुंद केली आणि चाक बॉडीच्या आत राहिलं, तर घासण्याचा आणि बेअरिंगचा प्रश्न फारसा येत नाही, पण कागदावर तोही मूळ तपशिलापासूनचा फरकच आहे. चाक फेंडरच्या बाहेर आलेलं असेल तर बाजू मांडायला काही उरत नाही. ते तपासायला ओळंबा वापरा: फेंडरच्या काठावरून दोरी सोडा, चाकाच्या मध्यरेषेच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायर दोरीच्या बाहेर दिसता कामा नये. युरोपातला नियम याच कोनांवर बेतलेला आहे आणि मागच्याच्या काचेवर दगड उडू नये यासाठी हे माप उत्तम आहे.

रिमवर आणि टायरवर आयएसआय खूण असायलाच हवी. रिमसाठी मानक आयएस १६१९२, कारच्या रेडियल टायरसाठी आयएस १५६३३. खुणेखाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून उत्पादकाचं नाव जुळतंय का बघा. नुसतं जेडब्ल्यूएल कोरलेलं असेल तर ती जपानी मानकाची, उत्पादकाने स्वतः लावलेली खूण आहे. आपल्या चाचण्यांत रिम वाकवून फिरवतात, भार देऊन फिरवतात आणि तिरप्या कोनात वजन आपटतात. पावसाळ्यातल्या खड्ड्यात नेमकं हेच होतं, आणि खूण नसलेली नक्कल तिथे चिरते.

रिमवर कमाल भारही कोरलेला असतो. गाडीच्या प्लेटवर मागच्या ॲक्सलची मर्यादा १,६०० किलो असेल तर रिम किमान ८०० ची हवी, थोडी जास्तच. टायरचा लोड इंडेक्स (एक टायर किती भार पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) मूळपेक्षा कमी कधीही नको. ११० म्हणजे १,०६० किलो, १०९ म्हणजे १,०३०. वेगाचं अक्षरही बघा: मूळ एच (२१० किमी) असताना काही चिखलाचे टायर क्यू (१६०) वर येतात.

विमा कंपनीला लेखी कळवा. अलॉय नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजमध्ये धरून त्यांची किंमत आयडीव्हीत (विम्यात धरलेली गाडीची किंमत) घालून घ्या आणि पॉलिसीवर तशी नोंद आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. अपघातानंतर सर्वेअर पहिल्यांदा जे फोटो काढतो त्यात चाकं असतातच.

नंतर लक्ष कुठे ठेवायचं

ईटी कमी केला की गाडीचा भार हबच्या बाहेर सरकतो आणि बेअरिंगवर वाकवणारा जोर वाढतो. पहिली खूण म्हणजे साठच्या आसपास घुमणारा ‘हूं’ आवाज, जो गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवली की कमी-जास्त होतो. टायरचा आवाज झुलवल्याने सहसा बदलत नाही. दर १०,००० किलोमीटरला चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग, बॉल जॉइंट दोन्ही तपासा.

रस्त्यावरच्या चाकोरीत गाडी आपोआप ओढली जाते, एका बाजूचं चाक पाण्यात गेलं की स्टीअरिंगला हिसका बसतो: रुंद चाक आणि कमी ईटी यांचा हा स्वभाव आहे, अलाइनमेंटने तो पूर्ण जात नाही. पावसात तर विशेष जपा. तेवढंच वजन रुंद पट्ट्यावर पसरतं, पाण्याला बाजूला जायला जास्त अंतर लागतं, आणि टायर पाण्यावर तरंगायला लवकर लागतो. झिजलेला रुंद टायर अरुंद टायरच्या आधी बदला.

हवेचा दाब नव्या टायरला जुळवावा लागतो. स्टिकरवरच्या दाबापासून सुरुवात करा, टायरच्या पट्ट्यावर आडवी खडूची रेघ मारा, सपाट रस्त्यावर दोनशे मीटर सरळ चालवा. रेघ मधेच पुसली तर दाब जास्त, कडांनाच पुसली तर कमी. एका वेळी १ पीएसआय बदला.

स्टेपनीचा विचार बहुतेक जण पंक्चर झाल्यावरच करतात. चार चाकं ७९९ मि.मी.ची आणि स्टेपनी ७७५ ची असेल तर एका फेऱ्यात जवळपास ७५ मि.मी.चा फरक पडतो. मागच्या ॲक्सलला ती लावून लांब गेलात तर डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) सतत काम करत राहतो, आणि गाडी फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या गिअरमध्ये) टाकलीत तर सगळी ओढाताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटून देणाऱ्या गिअरबॉक्सवर, येते. वेगळ्या मापाची स्टेपनी असेल तर टू-व्हीलमध्येच, ऐंशीच्या खाली, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत. आणि मूळ रिमचे मूळ नट डिकीत वेगळ्या पिशवीत ठेवा: स्टेपनीची रिम कंपनीची असेल तर तिला नव्या अलॉयचे नट बसतीलच असं नाही.